रंगाखाली पत्रा

नव्या युद्धनौकांचा कार्यक्रम रद्द झाला, त्याच आठवड्यात कधीतरी मी औषधाच्या दुकानात शिरताना पाय उचलला. आता तुम्ही म्हणाल, पाय न उचलता कोण शिरतं दुकानात, पण ऐका तर. मी तो जवळजवळ गुडघ्याइतका उचलला, मान खाली घातली, हात वरच्या चौकटीला धरायला नेला, आणि तिथं काहीच नव्हतं. सपाट फरशी, आपोआप सरकणारं काचेचं दार, आणि आत दुकानदार आणि एक बाई, दोघंही माझ्याकडे बगळ्याकडे बघावं तसे बघतायत. मी हसले. आईच्या गोळ्या घेतल्या. पण रस्त्यावर आल्यावर मी पायांकडे बघत थांबले, कारण डोक्याला सगळं कळून चुकलं होतं, पायांना मात्र अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या ऑफिसच्या मागे एक शेड होती, विमान मावेल एवढी, आणि तिच्यात आम्ही नवीचं पोट उभं केलं होतं, प्लायवूडचं. नवी म्हणजे ज्या सहा युद्धनौका बांधायच्या होत्या त्यांतली पहिली. कागदावर तिला लांबलचक नाव होतं, ते कोणी घ्यायचं नाही, सगळे नुसतं नवी म्हणायचे. खऱ्या मापाच्या खोल्या, झोपायच्या खऱ्या मापाच्या बंका, स्वयंपाकघर, बोळ, शिड्या, सगळं लाकडी. आणि शिकले मी जहाजबांधणी, पण माझं काम काय, तर सुटायचं. खरंच. जहाजाला आग लागली, दिवे गेले, धूर भरला, तर कुठल्याही खोलीतला माणूस डेकवर कसा पोचतो ते बघायचं. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे, कुठल्यातरी बंकेत झोपवायचे, धुराचं यंत्र सोडायचे आणि म्हणायचे, निघ. मी भिंत चाचपत निघायचे. जिथं चुकेन तिथं चूक माझी नाही, जहाजाची, असा नियम होता. आयुष्यात इतका मान मला कोणी दिलेला नाही, तुम्ही तर नाहीच नाही. मी धडकले की सुतार यायचा, कडी खाली घ्यायचा, शिडी हातभर सरकवायचा, आणि मी परत आडवी. जहाजावर प्रत्येक दाराला नडगीएवढा उंबरा असतो, एका खोलीतलं पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून. चार वर्षं मी ते उंबरे आंधळेपणानं ओलांडत होते. तेव्हा पाय उचलणारच की.

माझा धाकटा भाऊ नौदलात आहे. घरी त्याला बोका म्हणतात, कारण तो कुठंही झोपतो, बसमध्ये, दाढी करता करता, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत. तो ज्या जहाजावर आहे ते जुन्या मालिकेतलं, त्याला आम्ही ऑफिसात म्हातारी म्हणायचो. नवी आली की म्हातारी निवृत्त होणार आणि तिच्यावरची माणसं नवीवर जाणार, हे ठरलेलंच होतं. मला हे कोणी कधी मोठ्यानं बोललेलं आवडायचं नाही, दृष्ट लागेल म्हणून नाही, पण मी ते काम कोणासाठी करते ते कळलं असतं ना सगळ्यांना. बोका उंच आहे, म्हातारीवर त्याचे पाय बंकेबाहेर लोंबतात, येणारा जाणारा धक्का मारून जातो. म्हणून मी नवीवरच्या बंका वीतभर लांब करून घेतल्या. जहाजात वीतभर जागा मागणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं, पंख्यावाले, पाईपवाले, वायरवाले सगळे अंगावर येतात. एका रजेत मी त्याला शेडमध्ये घेऊन आले, पाहुणा म्हणून. तो एका बंकेत आडवा झाला, पाय ताणले, टाच कुठंच लागेना. म्हणाला, "ताई, हे तर हॉटेल आहे." आणि झोपला. आम्ही धुराची चाचणी थांबवली, सुतार टाचा उचलून चवड्यांवर चालायला लागला. प्लायवूडचा वास, वरच्या पत्र्यावर कबुतरांची खुडबुड, आणि माझा एवढा मोठा भाऊ त्या न झालेल्या जहाजात तोंड उघडं टाकून घोरतोय. मला वाटतं, त्या दुपारी मी जितकी निवांत होते तितकी त्याआधी किंवा त्यानंतर कधी नव्हते.

आणि रद्द झालं तेव्हाही मी तिथंच होते, सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या बंकेत, पट्टी बांधून, आडवी. धूर सुरू झाला. आता निघ म्हणतील, मग म्हणतील, म्हणून मी वाट बघतेय. कोणी काही म्हणेना. मग धुराचं यंत्र बंद झालं, त्याची घरघर थांबली की कानात एक पोकळी होते, ती झाली. वरून पावलांचे आवाज आले, मग तेही थांबले. मी पडून राहिले, कारण नियम म्हणजे नियम, सांगितल्याशिवाय हलायचं नाही. हळूहळू असं वाटायला लागलं की वर कोणीच नाहीये, सगळे सुटलेत आणि मला सांगायचं राहून गेलंय. शेवटी मी आपली आपण पट्टी काढली. धुरातून वर आले तर दहा-बारा माणसं शेडच्या दारात उभी, प्रत्येकजण आपापल्या फोनमध्ये बघतोय, आणि मधे आमचे साहेब. साहेब काटकुळे, पाय फाकवून चालतात, म्हणून त्यांना कंपास म्हणायचे. कंपास मला बघून म्हणाले, "अरे, तू आत होतीस होय." मग म्हणाले, "रद्द केला कार्यक्रम. गोदीतलंही काम थांबवलंय." एवढंच. का, कोणी, कशासाठी, ते बातम्यांत पुष्कळ आलं, खर्च फार, काळ बदलला, आता मोठ्या नौकांचे दिवस नाहीत वगैरे. मला आठवतं ते त्यांचं 'होय'. घरात दिवा राहिला होय चालू, तशातलं.

मग शेड उतरवायला घेतली. सुतारानं कप्तानाच्या खोलीचं दार घरी नेलं, चपलांचं कपाट करतो म्हणाला. "बायकोला सांगितलंय, कप्तान आल्यासारखं टकटक करून उघडायचं," असं म्हणून स्वतःच हसला आणि मग बराच वेळ खिळे वेचत बसला. मला वाटलं आता आपल्यालाही काढतील. पण एका सकाळी कंपासनी बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, "सहा नव्या येणार नाहीत, म्हणजे सहा जुन्या जाणार नाहीत. त्यांचं आयुष्य वाढवायचंय. तू म्हातारी घे." मी म्हटलं, "सर, ती माझ्यापेक्षा मोठी आहे." ते म्हणाले, "मीही आहे. मला काढलं का?" आणि हसले, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती, खिडकीतून शेडच्या उघड्या छपरावर होती. म्हातारीचा पत्रा अजून बारा वर्षं टिकतो का, हे मी आकडेमोड करून सांगायचं, आणि मग ती लांबच्या फेरीवर निघणार. बोक्यासकट, हे दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

पत्रा मोजायचं काम आवाजाचं असतं. हातात मावेल एवढं यंत्र, त्याचं टोक पत्र्याला टेकवायचं, ते आवाज सोडतं, आवाज पत्र्याच्या पलीकडच्या कडेला आपटून परत येतो, जितका उशीर तितका पत्रा जाड. समुद्राच्या पाण्यानं पत्रा आतबाहेर खाल्ला जातो, दरवर्षी थोडा थोडा, त्यामुळे जुन्या जहाजाची मापं हातात घेताना मी डॉक्टरचा चेहरा करून बसले होते. आणि मापं घेणाऱ्याकडून आली ती इतकी चांगली की मला हसू आलं. काही ठिकाणी पत्रा लावला तेव्हापेक्षा जाड. मी कंपासना विचारलं, हे कसं. ते म्हणाले, "त्या काळी हात सढळ होता लोकांचा. सांगितलं त्याहून जाड लावायचे." मला पटलं. म्हणजे पटवून घ्यायला मला इतकं बरं वाटलं की मी विचारच केला नाही, पटतंय की बरं वाटतंय. घरी आईला सांगितलं, बोक्याची म्हातारी ठणठणीत आहे. आई म्हणाली, "मग तू रात्रीची दात का खातेस?" मी खात होते. मला माहीत नव्हतं. शरीर फार चोंबडं असतं, आपल्या आधी सगळं बोलून मोकळं होतं.

अहवाल सोमवारी द्यायचा होता आणि शनिवारी बोका आला, निघायच्या आधीची दोन दिवसांची रजा. जेवायला बसलो. तो हातात भाकरीचा तुकडा धरून अर्धवट झोपेत, आई त्याच्या ताटात वाढतेय, आणि मी आपलं सहज, कौतुक करून घ्यायला, म्हटलं, तुझ्या जहाजाचा पत्रा किती छान आहे माहितीये का. तो म्हणाला, "पत्रा? पत्रा कोणी बघितलाय? आम्ही रंगावर तरंगतो, ताई." आई हसली. तो सांगायला लागला की कोणी मोठा अधिकारी भेटीला यायचा म्हटलं की रंग, तो येऊन गेला की दुसरा येणार म्हणून रंग, खरवडायला वेळ कोणाला, आहे त्यावर हात मारायचा. "माझ्या बंकेमागं मी किल्लीनं बोका असं कोरलंय," म्हणाला, "पेराएवढं खोल गेलो, तरी लोखंड लागलं नाही. आमच्यातला एकजण म्हणतो, लोखंड आहे ही अफवाच आहे." आई म्हणाली, "सरकारी भिंतीवर कोरतोस, लाज नाही वाटत." दोघं हसत होती आणि मी माझ्या ताटाकडे बघत होते, आणि मला ताट दिसत नव्हतं. कारण यंत्र टेकवायच्या आधी रंग खरवडायचा असतो. नाण्याएवढी जागा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट, पहिल्या दिवशी शिकवतात. नाही खरवडलं तर यंत्राला रंग काय आणि पोलाद काय, ते सगळ्याला पोलादच समजतं. त्यात रंगातून आवाज रमतगमत जातो, म्हणून पातळ रंगसुद्धा यंत्राला दुपटीअडीचपट जाड वाटतो. म्हातारी सढळ हातानं बांधलेली नव्हती. म्हातारी रंगवलेली होती.

ते दोन दिवस मी घरातल्या घरात कशी होते ते सांगता नाही येणार. बोका सोफ्यावर झोपलेला, पाय सोफ्याच्या हातावरून बाहेर, आणि मी खिडकीपाशी उभी राहून खिडकीच्या चौकटीचा रंग नखानं काढतेय. पांढऱ्याखाली पिवळट निघाला, पिवळटाखाली हिरवा. आमच्या आधी इथं कोण राहत होतं, त्यांना हिरवा का आवडायचा, आणि त्यांनी कशावर रंग दिला होता. हिरव्याखाली लाकूड इतकं मऊ होतं की नख आत गेलं आणि मी हात मागे घेतला, भाजल्यासारखा. बाहेर रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चाललं होतं, पुलावरून ट्रक जात होते, समोरच्या इमारतीला नवा रंग देत होते, दोरीवर लोंबकळत दोन माणसं गाणं म्हणत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की पुलाला, इमारतीला, कशालाच कोणी खरवडून बघितलेलं नाहीये. बोक्याला सांगावं का? काय सांगावं? जाऊ नको म्हटलं तर तो पळून गेलेला ठरणार, शिक्षा होईल. आणि नुसत्या संशयावर. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. तो झोपेतच म्हणाला, "पाय झाक," लहानपणी म्हणायचा तसं.

सोमवारी मी सगळ्यात आधी मापं घेणाऱ्याला गाठलं. हुशार माणूस आहे, वीस वर्षं हेच करतो. मी विचारलं, खरवडलं होतंत का. तो म्हणाला, "मॅडम, मी गेलो त्याच्या दोनच दिवस आधी रंग मारलेला, त्याच आठवड्यात बड्या साहेबाची भेट. वरचा अधिकारी दारात उभा, रंगाला हात लावायचा नाही म्हणाला. मी काय करू, भांडू?" मी म्हटलं, मग लिहायचं तसं. तो म्हणाला, "यंत्रात रंग वजा करायची सोय आहे, पण ती एवढ्या थरांना चालत नाही. चालेल असं मला वाटलं." तो खोटं बोलत नव्हता, चालेल असं त्याला वाटलं, मला पटलं, कंपासना सढळ हात आठवला, आणि असे सगळे मिळून आम्ही एकेक थर देत गेलो होतो. मी कंपासकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "परवा निघतेय ती. तिच्याऐवजी पाठवायला दुसरी नाही. नवी उभी असती तर मी कोणाशीही भांडलो असतो, म्हटलं असतं, ही थांबवा, ती न्या. आता काय म्हणू? थांबवा, आणि पोहत जा?" मी म्हटलं, "सर, माझा भाऊ आहे तिच्यावर." ते म्हणाले, "माहितीये. म्हणून तुला दिली. दुसरं कोणी असतं तर मापं बघून सही करून मोकळं झालं असतं." ह्याचा मला राग यायला हवा होता की रडू, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी फोन केला, बराच वेळ अजीजीनं बोलले, आणि मला म्हणाले, "एक जागा. एकच, कोपऱ्यात, चटकन दिसणार नाही अशी. लोखंड लागलं की माप घे आणि तिथल्या तिथे कप्तानाला दाखव. मला फोन करत बसू नको."

म्हातारी मी कागदावर पाठ केली होती, पण आत मंगळवारी पहिल्यांदाच गेले. कशीही जा, खालीच जातेय असं वाटतं. तेल, ओले टॉवेल, आणि सगळ्यावर नव्या रंगाचा गोड, डोकं धरणारा वास. बोकाच मला न्यायला आला, वर्दीत, मित्रांसमोर जरा ताठ. "ही माझी ताई. आपलं जहाज दुरुस्त करायला आलीय." एकजण म्हणाला, "ताई, आधी ह्याचं घोरणं दुरुस्त करा, मग जहाज बघू." मी हसले, म्हणजे तोंड तसं केलं. त्यांची झोपायची खोली पाण्याच्या पातळीच्या खाली, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि तिथं उभं राहणं वेगळं. मी सवयीनं शिडी शोधली. शिडी चुकीच्या जागी होती, बोळाच्या टोकाला, वळणापलीकडे, आणि दाराची कडी खांद्याच्या वर, धुरात हात पहिल्यांदा जिथं जातो तिथं नाही. हे सगळं मी नवीवर बदललं होतं. एकेक करून, डोकं आपटून. बोक्याच्या बंकेमागे त्यानं खरंच बोका कोरलं होतं, वळणदार अक्षरात, शेपटीचं चित्रही होतं. तिथंच मी खरवडणी लावली. करडा निघाला, मग पांढरा, मग परत करडा, मग एक फिकट निळा, कोणत्या साहेबाला आवडत होता कोण जाणे, मग तांबडा, परत करडा, सालं गळून पडल्यासारखे थर बंकेवर पडत होते, आणि मागे पोरं पैजा लावत होती की आता कुठला रंग निघेल. मग पैजा थांबल्या, कारण खरवडणीचा आवाज बदलला. आधी खसखस होत होतं, आता पोकळ, डब्याच्या झाकणावर वाजवावं तसं. शेवटचा तांबडा थर मी खरवडला नाही, तो गंजाच्या पापुद्र्याबरोबर आपणहून सुटून हातात आला. खाली लोखंड होतं. ओलसर, काळं, खड्डेखड्डे पडलेलं. पलीकडे समुद्र होता आणि तो गार होता, हे मला बोटांना कळत होतं. मी आणखी खरवडू शकले असते, चकचकीत होईपर्यंत, शिकवलंय तसं. माझा हात वर गेला आणि तिथंच राहिला. यंत्र टेकवलं. आकडा आला नाही. पुसून परत टेकवलं. ते यंत्र एका मर्यादेखाली पत्रा आहे असं मानतच नाही, नुसती रेघ दाखवतं. रेघ आली.

"किती?" बोक्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मागे ती सगळी पोरं, कोणाच्या हातात बूट, कोणाच्या तोंडात टूथब्रश.

"सामान आवर," मी म्हटलं. "सगळ्यांनीच आवरा."

कोणी हललं नाही. मग बोका हळूच म्हणाला, मला समजावल्यासारखं, घरी आईला समजावतो तसं, "आवरून जायचं कुठं, ताई? तुझं जहाज तर झालंच नाही."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडली. मी कप्तानाला बोलवायला सांगितलं, ते येतच होते म्हणे, निघायच्या आधीची शेवटची पाहणी होती, प्रत्येक खोली बघत खाली येत होते. आणि त्यांच्यापुढे, नेहमीच्या रीतीप्रमाणे, रंगवाला आला होता. पुढे पुढे चालून राहिलेल्या जागा बुजवायच्या, हे त्याचं काम. हातात करडा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. त्यानं माझ्या मागचा काळा ठिपका बघितला आणि त्याचा चेहरा पडला, आपली चूक सापडल्यासारखा.

"ताई, जरा सरकता का? एक हात मारून घेतो."

मी वळले आणि त्या जागेला पाठ लावून उभी राहिले. शर्टातून लगेच ओल लागली.

"साहेब शिडीवर आहेत हो, मला बोलणी बसतील," तो काकुळतीला आला, आणि ब्रशवरून एक थेंब बंकेवर पडला. "तुमचं काय ते नंतर बघा ना. लागतंय काय त्याला, दोन मिनिटं."

"साहेबांनाच बघू दे," मी म्हटलं.

बोका माझ्याकडे बघत होता, झोप पार उडालेली, आणि मला वाटलं ह्याचे डोळे इतके मोठे आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं. मग तो दोन पावलं पुढे आला आणि रंगवाला आणि मी, आमच्या मधे उभा राहिला. वर शिडीवर पहिले बूट दिसले.